कुलूप कोणी तोडले?

१९९१ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. संगणक अजून आमच्यापर्यंत पोचला नव्हता. जाडजूड लेजरे, बोटांना लागलेली शाई आणि संध्याकाळी टोटल न जुळण्याची धास्ती, असा तो काळ. एके दिवशी एक म्हातारी पासबुक घेऊन काउंटरवर आली. पासबुकात ९,००० रुपयांच्या वर शिल्लक होती, लेजरात ४००. मधली रक्कम तिच्याच अंगठ्यावर निघालेली होती आणि ती तर दिवाळीनंतर बँकेची पायरी चढलेली नव्हती. सेव्हिंग्ज सांभाळणारा कारकून त्या आठवड्यात रजेवर होता. स्टेशनरीच्या खोलीतल्या फळीवर त्याची रेक्झिनची बॅग होती आणि तिला छोटेसे कुलूप होते. मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावले आणि ते कुलूप तोडायला सांगितले. शिपायाने पेचकस आणून दिला. कुलूप मी तोडले.

बॅगेत जे निघाले, त्याने सारा उलगडा झाला. आणखी तीन निरक्षर खातेदारांची पासबुके, शाईचा पॅड आणि आधीच अंगठे उठवून ठेवलेल्या कोऱ्या विड्रॉवल स्लिपा. त्याच बॅगेत तळाशी पत्रांचे एक पुडके होते. त्याची बायको माहेरी निघून गेली होती, तिची ती पत्रे. मॅनेजरसाहेबांनी ती वाचली आणि दुपारच्या चहापर्यंत त्यांतला मजकूर सगळ्या शाखेला ठाऊक झाला.

पुढे खातेनिहाय चौकशी झाली. मी साक्षीदार होतो. कारकुनाच्या बाजूने युनियनचा जो माणूस उभा होता, त्याने मला एकच प्रश्न विचारला. बॅग कोणाची होती आणि ती उघडण्याचा अधिकार मला कोणी दिला? मी उत्तर देण्याआधीच चौकशी अधिकाऱ्यांनी तो प्रश्न गैरलागू ठरवला. बॅगेत काय सापडले एवढ्यापुरतेच बोला, असे त्यांनी बजावले. कारकून बडतर्फ झाला. म्हातारीचे पैसे बँकेने भरून दिले. सारे यथायोग्य झाले होते, आणि तरीही तो एक प्रश्न माझ्या मागे लागला तो लागलाच.

त्यानंतर दोनेक वर्षांनी एका प्रशिक्षणासाठी मुंबईला गेलो असताना फाउंटनच्या पदपथावर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला एक इंग्रजी पुस्तक मिळाले. लोकांचे पैसे आणि बँकवाले ते कसे वापरतात, असा त्याच्या नावाचा अर्थ. आमच्याच धंद्याची उलटतपासणी दिसते, म्हणून मी ते घेतले. १९१४ साली निघालेल्या त्या पुस्तकाचा लेखक होता लुई ब्रँडाइस. बड्या बँका ठेवीदारांच्या पैशांच्या बळावर रेल्वेपासून विमा कंपन्यांपर्यंत साऱ्यांवर कसा ताबा मिळवतात, हे त्याने आकडे मांडून दाखवले होते. हा वकील कोण, म्हणून शोध घेत गेलो, तेव्हा कळले की माझ्या त्या प्रश्नाला आयुष्यभर धरून बसलेला हा माणूस होता.

ब्रँडाइस यांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५६ चा, अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या लुईव्हिल गावचा. घराणे प्रागचे, ज्यू. १८४८ ची युरोपातली बंडे फसल्यानंतर आईवडिलांनी अमेरिका गाठली होती. वडील धान्याचे व्यापारी. गुलामगिरीला मान्यता असलेल्या राज्यात राहूनही हे कुटुंब गुलामगिरीच्या विरोधात होते. वडिलांचा व्यापार बसला तेव्हा सारे काही वर्षांसाठी युरोपात गेले, आणि लुईचे थोडे शिक्षण जर्मनीत ड्रेस्डेनला झाले. मामा लुईस डेम्बिट्झ वकील होता. त्याच्यावरच्या प्रेमापोटी या पोराने आपले मधले नावच बदलून डेम्बिट्झ करून घेतले. १८७५ साली ते हार्वर्डच्या लॉ स्कूलमध्ये दाखल झाले. डोळे इतके अधू झाले की सोबतचे विद्यार्थी त्यांना पुस्तके वाचून दाखवीत. तरी एकविसावे वर्ष पुरे होण्याआधीच ते पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. त्यांचे गुण पुढे कैक वर्षे त्या शाळेत दंतकथेसारखे सांगितले जात.

१८७९ मध्ये सॅम्युएल वॉरन या वर्गमित्राबरोबर त्यांनी बॉस्टनला वकिली थाटली. वॉरन कागदगिरणीवाल्या श्रीमंत घरातला. बॉस्टनची वर्तमानपत्रे बड्या घरांतल्या मेजवान्या आणि चकाट्या चवीने छापू लागली होती, आणि झटक्यात फोटो घेणारे कॅमेरे नुकतेच बाजारात आले होते. १८९० च्या डिसेंबरात दोघांनी मिळून हार्वर्डच्या कायद्याच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. माणसाची मालमत्ता राखणारा कायदा त्याचे खासगीपणही राखू शकतो, असा त्याचा गाभा. खासगीपणाचा हक्क ही कल्पना कायद्याच्या भाषेत रुजवली ती त्या लेखाने. त्यांना धास्ती होती ती बातमीदाराची. सरकारचाच कान दाराला लागेल, ही गोष्ट पुढची.

वकिलीत पैसा खूप मिळाला, पण राहणी साधी ठेवली. सार्वजनिक कामे फी न घेता करायची, हा नेम. १९०५ मध्ये विमा कंपन्यांचे घोटाळे उघडकीस आले, तेव्हा विमेदारांच्या समितीचे काम त्यांनी फुकट केले. मजुरांकडून आठवड्याला चार-दोन नाणी गोळा करणाऱ्या विम्यात खर्चच किती आणि मजुराच्या हाती पडते किती, याचा हिशेब त्यांनी मांडला, आणि बचत बँकांनाच स्वस्त विमा विकू देणारा कायदा १९०७ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याकडून करून घेतला. आपल्या हातून झालेले सर्वांत मोठे काम कोणते, तर हे, असे ते मानीत. मला बँकवाल्याला हा माणूस जवळचा वाटला तो इथे. त्यांचा सारा भर तत्त्वाआधी तपशिलावर. १९०८ मध्ये ऑरेगन राज्यातल्या कामगार स्त्रियांच्या दहा तासांच्या दिवसाचा खटला लढताना त्यांनी कायद्याची चर्चा दोन पानांत उरकली आणि शंभरावर पाने भरली ती आरोग्याच्या आणि कामाच्या परिस्थितीच्या नोंदींनी.

१९१० सालची एक हकीकत आमच्यासारख्यांना विशेष कळेल. अलास्कातल्या सरकारी कोळसा जमिनींच्या प्रकरणात गृहखात्याचे मंत्री बॅलिंजर यांच्यावर आरोप झाले होते. राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनी त्यांना निर्दोष ठरवले, आणि आपला निर्णय अ‍ॅटर्नी जनरलच्या सविस्तर अहवालावर आधारलेला असल्याचे दाखवले. आरोप करणाऱ्याच्या बाजूने ब्रँडाइस उभे होते. त्यांनी कागद पाहिले, तारखा पाहिल्या, आणि एवढा लांबलचक अहवाल एवढ्या थोड्या दिवसांत तयार होणे शक्यच नाही हे ओळखले. अहवालावर मागची तारीख टाकलेली होती. सरकारला ते कबूल करावे लागले. व्हाउचरवर मागची तारीख टाकणारा कारकून आम्ही पाहिलेला असतो. इथे ते देशाच्या सर्वोच्च कचेरीत घडले होते. टॅफ्ट ही गोष्ट विसरले नाहीत.

२८ जानेवारी १९१६ रोजी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी ब्रँडाइस यांचे नाव सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवले आणि गदारोळ उडाला. रेल्वे आणि बँकांच्या मालकांचा राग होताच, त्यात ते ज्यू. विरोध करणाऱ्यांत माजी राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट होते आणि हार्वर्डचे अध्यक्षही. चार महिने सुनावण्या चालल्या. अखेर १ जून रोजी ४७ विरुद्ध २२ मतांनी नेमणूक पक्की झाली, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पहिला ज्यू न्यायाधीश बसला. पाच वर्षांनी, १९२१ मध्ये, त्याच न्यायालयाचे सरन्यायाधीश होऊन आले ते टॅफ्ट! दोघे एकाच बाकावर शेजार करू लागले, आणि सभ्यपणे करू लागले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. इंग्रजी कायद्याची जुनी वहिवाट अशी की, पुरावा खटल्याशी संबंधित असेल तर न्यायालय तो पाहील. तो कसा मिळवला याची चौकशी ते करीत बसणार नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१४ साली हा रस्ता सोडला. कॅन्सस सिटीच्या वीक्स नावाच्या माणसाच्या घरात शिरून वॉरंटाशिवाय नेलेली कागदपत्रे त्याच्याविरुद्ध वापरता येणार नाहीत, असे ठरले. घटनेची चौथी दुरुस्ती नागरिकाचे घर आणि कागद मनमानी झडतीपासून राखते. त्या संरक्षणाला अर्थ राहायचा तर लुटीचा माल न्यायालयाने हातात घेता कामा नये, हे त्यामागचे कारण. नियम होता तो केंद्र सरकारच्या अधिकाऱ्यांपुरता.

१९२१ च्या जूनमध्ये पिट्सबर्गच्या मॅकडॉवेल नावाच्या गृहस्थाचे प्रकरण आले. काही खासगी लोकांनी त्याच्या कचेरीतल्या तिजोऱ्या फोडून कागद पळवले आणि ते सरकारी वकिलाकडे पोचले. सरकारने स्वतः चोरी केलेली नाही, तेव्हा कागद वापरायला हरकत नाही, असे बहुमताने ठरले. ब्रँडाइस यांनी विरोधी मत नोंदवले, आणि होम्स हे बुजुर्ग न्यायाधीश त्यांच्या बाजूने राहिले. सरळ माणसाला जे कृत्य शरमेचे वाटेल, त्याचा फायदा सरकारने घेतला तर कायद्याविषयी आदर वाढत नाही, असा त्या मताचा आशय आहे. माझ्या पेचकसाची आठवण मला पहिल्यांदा झाली ती इथे.

पण खरी कसोटी लागली ती सात वर्षांनी. अमेरिकेत १९२० पासून दारूबंदी होती. सिॲटल शहरात रॉय ओल्मस्टेड नावाचा इसम कॅनडातून दारू आणून विकत असे. पूर्वी तो त्याच शहरात पोलीस लेफ्टनंट होता. समुद्रात जाणारी दोन जहाजे, पन्नासहून अधिक नोकर आणि वर्षाला वीस लाख डॉलरच्या वर उलाढाल, एवढा त्याचा पसारा. दारूबंदी खात्याच्या अधिकाऱ्यांनी त्याच्या कचेरीच्या इमारतीच्या तळघरात आणि साथीदारांच्या घरांजवळच्या रस्त्यावर टेलिफोनच्या तारांना आपल्या तारा जोडल्या आणि काही महिने सारी संभाषणे ऐकली. त्यांच्या नोंदी टंकलिखित ७७५ पानांच्या झाल्या. वॉशिंग्टन राज्याच्या १९०९ च्या कायद्याप्रमाणे टेलिफोनच्या तारेवर असा डल्ला मारणे हा गुन्हा होता. म्हणजे गुन्हेगाराला पकडण्यासाठी गुन्हा केला गेला होता, आणि तो करणारे सरकारी नोकर होते.

४ जून १९२८ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला. बहुमताचा निकाल टॅफ्ट यांनी लिहिला. अधिकारी कोणाच्या घरात शिरले नाहीत, कोणती वस्तू त्यांनी उचलली नाही. तार घराबाहेर गेलेली आहे, तेव्हा झडती झालीच नाही, असा त्यांचा युक्तिवाद. ओल्मस्टेडची चार वर्षांची शिक्षा कायम झाली.

ब्रँडाइस यांचे विरोधी मत पुढे बहुमताच्या निकालापेक्षा अधिक वाचले गेले. घटना लिहिली गेली तेव्हा माणसाचे गुपित काढायचे तर त्याचे दार फोडावे लागे. आता शास्त्राने दाराला हात न लावता ते साधते, तेव्हा संरक्षणही त्याबरोबर वाढले पाहिजे, ही त्यांची पहिली पायरी. टेलिफोन चोरून ऐकताना दोन्ही टोकांच्या माणसांचे सारे बोलणे कानी पडते, गुन्ह्याचे तसे घरगुतीही, हे त्यांनी दाखवून दिले. मसुद्यात त्यांनी दूरचित्रवाणीच्या नव्या शोधाचाही उल्लेख केला होता. त्यांचा तरुण साहाय्यक हेन्री फ्रेंडली याला ते अतिशयोक्त वाटले, म्हणून तो गाळला गेला. दुसरी पायरी अधिक खोल होती. सरकार हे सगळ्या जनतेला सतत धडे देत असते. त्यानेच कायदा मोडला तर कायदा आपल्या सोयीने वाकवायचा असतो, हा धडा प्रत्येक नागरिक शिकतो. आणि मोडलेल्या कायद्याचे फळ न्यायालयाने स्वीकारले, तर ते त्या कृत्यात सामील होते.

हे मत दारूवाल्याविषयीच्या कळवळ्यातून आलेले नव्हते. दारूबंदीचा कायदा घटनेला धरून आहे, असा निकाल १९२० मध्ये त्यांनी स्वतः लिहिला होता. १९२५ साली दारू नेणाऱ्या मोटारीची वॉरंटाशिवाय घेतलेली झडती ज्या बहुमताने योग्य ठरवली, त्यातही ते होते. ओल्मस्टेड दोषी आहे, याविषयी कोणालाच शंका नव्हती. म्हणून तर त्या मताला मोल आहे. निरपराध माणसासाठी हा नियम मागायला धैर्य लागत नाही.

दुसरी बाजूही तितकीच प्रामाणिकपणे मांडायला हवी. १९२६ साली न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च पीठावरून न्यायमूर्ती कार्डोझो यांनी नेमका उलटा निर्णय दिला होता. शिपाई चुकला म्हणून गुन्हेगाराला का सोडायचे, हा त्यांचा सवाल. शिपायाला त्याच्या चुकीची शिक्षा वेगळी करा, पण खुनाचा पुरावा समोर दिसत असताना न्यायालयाने डोळे मिटायचे, तर ज्याचा खून झाला त्याच्या घरच्यांनी कोणाकडे पाहायचे? कार्डोझो हे काही कठोर किंवा सरकारधार्जिणे न्यायाधीश नव्हते. १९३२ मध्ये ते ब्रँडाइस यांच्या शेजारी येऊन बसले आणि बहुतेक प्रश्नांवर दोघांचे मत जुळले. मला तर या सवालाचे उत्तर देताना ती म्हातारीच समोर दिसते. कुलूप तोडले नसते, तर तो कारकून रजेवरून परतून बॅग घेऊन गेला असता, आणि तिच्या अंगठ्यावर कोणी विश्वास ठेवला असता?

ब्रँडाइस यांचे उरलेले आयुष्य शांतपणे गेले. १९३५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची संगमरवरी नवी इमारत झाली, तेव्हा तिथली आलिशान कचेरी त्यांनी वापरली नाही. आपल्या साध्या घरातूनच ते काम करीत राहिले. १९३४ च्या दळणवळण कायद्याच्या आधारे १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या अधिकाऱ्यांनी चोरून ऐकलेले संभाषण पुरावा म्हणून नाकारले. ती पहिली फट त्यांनी पाहिली. ओल्मस्टेडला १९३५ च्या नाताळात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी माफी दिली. पुढे त्याने तुरुंगातल्या कैद्यांमध्ये काम केले. १९३९ मध्ये ब्रँडाइस निवृत्त झाले आणि ५ ऑक्टोबर १९४१ रोजी वारले. त्यांच्या अस्थी लुईव्हिलच्या विद्यापीठात, कायद्याच्या शाळेच्या पोर्चखाली आहेत. त्यांचा विजय झाला तो मरणानंतर. १९६१ मध्ये पुरावा वगळण्याचा नियम अमेरिकेतल्या सर्व राज्यांना लागू झाला, आणि १९६७ मध्ये ओल्मस्टेडचा निकाल मोडीत निघाला. पुढे नियमाला पळवाटाही पडल्या. अधिकाऱ्याने वॉरंट खरे समजून सद्‌हेतूने झडती घेतली असेल तर पुरावा चालतो, असे १९८४ साली ठरले.

आपण मात्र इंग्रजी वहिवाटीवर राहिलो. १९५५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने केनियातल्या कुरुमा नावाच्या माणसाची फाशीची शिक्षा कायम केली. बेकायदा झडतीत त्याच्याकडे दोन काडतुसे सापडल्याचा पुरावा होता, आणि पुरावा प्रस्तुत असला की पुरे, असे तिथे ठरले. तोच निकाल आपल्याकडे आधार झाला. १९७२ साली मुंबईच्या कॉरोनरने एका डॉक्टरकडे लाच मागितल्याच्या खटल्यात टेलिफोनवरचे ध्वनिमुद्रण आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरले. डॉक्टरच्या संमतीने ते झाले होते, पण पुरावा बेकायदा मार्गाने आला तरी चालतो, हेही न्यायालयाने सांगून टाकले. १९७३ च्या डिसेंबरात आयकराच्या धाडींविषयी घटनापीठाने तेच म्हटले. गंमत अशी की, पोलिसांपुढे दिलेली कबुली आपला कायदा १८७२ पासून मानत नाही, कारण ती कशी काढली जाते हे सर्वांना ठाऊक आहे. मग कुलूप फोडून आणलेल्या कागदाला वेगळा न्याय का? १९८३ मध्ये विधी आयोगाने आपल्या ९४ व्या अहवालात सुचवले होते की, सारी परिस्थिती तोलून असा पुरावा नाकारण्याचा अधिकार न्यायाधीशाला द्यावा. ती सूचना कागदावरच राहिली. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष्य अधिनियम आला, त्यातही ती नाही.

तरी काही हलले आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि त्या निकालात १८९० च्या त्या लेखाची चर्चा आहे. २०१९ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने एका उद्योजकाचा टेलिफोन ऐकण्याचे हुकूम रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितली. आरोप होता, सरकारी बँकेतल्या अधिकाऱ्याला लाच दिल्याचा! वाचून मी चपापलो. आमच्या धंद्यातली कीड उघडी करणारा पुरावा फेकून द्यायचा? दोन दिवस मला तो निकाल पटला नाही. दुसऱ्या काही न्यायालयांनी नंतर वेगळा सूरही लावला आहे.

तिसऱ्या दिवशी पुन्हा ती बॅग आठवली. मला सोपा मार्ग होता. बॅग सीलबंद करायची, कारकुनाला तार करून बोलवायचे, दोन बाहेरची माणसे पंच म्हणून बसवायची आणि त्याच्यासमोर उघडायची. पोलिसांत तक्रार केली असती तर झडतीचा हुकूमही निघाला असता. दोन दिवस लागले असते. म्हातारीचे पैसे तेव्हाही मिळाले असते आणि कारकून तेव्हाही बडतर्फ झाला असता. आम्हाला दोन दिवसांची घाई होती, एवढेच. कायदेशीर मार्ग कोणता हे मॅनेजरसाहेबांना ठाऊक नव्हते असे नाही. पण आडमार्गाने आणलेले कागद चौकशीत चालतील, याची त्यांना खात्री होती. ब्रँडाइस यांचे म्हणणे मला या टोकाने कळले. पुरावा नाकारण्याचा नियम चोराला वाचवण्यासाठी लागत असेल कधी कधी, पण तो लिहिलेला असतो त्या केबिनमधल्या माणसासाठी. ज्याला ठाऊक असते की असा कागद पुढे चालणार नाही, तो पेचकस मागवण्याआधी थांबतो.

आणि म्हातारीचे काय? जिथे थांबायला वेळच नसतो, जीव जात असतो, तिथे न्यायाधीशाला तोलू द्यावे, हे विधी आयोगाचे म्हणणे मला मान्य आहे. सगळे दरवाजे बंद करणारा नियम मीही मागणार नाही. पण आज तोलायचा तो प्रश्नच आपण बहुधा गैरलागू ठरवतो.

चौकशी संपली त्या दिवशी तो कारकून मला बाहेर व्हरांड्यात भेटला. नोकरीविषयी तो एक अक्षर बोलला नाही. चोरी केली होती, हे तो जाणून होता. त्याने फक्त आपली पत्रे मागितली. ती पुराव्याच्या फायलीत नव्हती, कारण आरोपाशी त्यांचा संबंधच नव्हता. मॅनेजरसाहेबांच्या कपाटात असतील असे मला वाटले, मी पाहतो म्हणालो, आणि नंतर माझी बदली झाली. ती पत्रे त्याला मिळाली नाहीत. कुलूप मी तोडले होते. पत्रे परत करण्याचे काम माझेच होते.